नाव कुणाचं? जलसंगवीच्या भिंतीपासून शेताच्या पहाणीपर्यंत

बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यात जलसंगवी नावाचं गाव आहे. तिथलं चालुक्यकालीन शिवमंदिर बाहेरच्या भिंतींवरच्या स्त्रीशिल्पांसाठी ओळखलं जातं. बेलूरच्या प्रसिद्ध मदनिकांच्या या थोरल्या बहिणी, असं कलेचे अभ्यासक मानतात. त्यातली एक बाई लिहिते आहे. आपल्याकडं मंदिरं बघत हिंडणारी मंडळी अशा शिल्पाला 'पत्रलेखा' म्हणतात आणि फोटो काढून पुढं जातात. पण जलसंगवीच्या बाईची गोष्ट जरा वेगळी आहे. शिल्पकारानं तिच्या पुढच्या पाटीवर नुसत्या रेघोट्या मारलेल्या नाहीत. खरी अक्षरं कोरली आहेत आणि ती वाचता येतात. तो संस्कृत श्लोक आहे आणि त्यात चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची स्तुती आहे.

म्हणजे बाराव्या शतकाच्या सुमारास आमच्या भागात कुणाला तरी वाटलं, की लिहिणारी बाई दगडात कोरण्यासारखी गोष्ट आहे. ती लिहिते, हे छानच. पण लिहिते काय? राजाचं नाव. तिचं स्वतःचं नाव काय, ती कुणाची कोण, हे त्या पाटीवर नाही.

या निबंधाचा विषय तोच आहे. लिहिणारा हात बाईचा असतो तेव्हा नाव कुणाचं येतं? जमीन कसणारा हात बाईचा असतो तेव्हा कागदावर कोण असतं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, आपलं नाव नसणं हेच बरोबर आहे असं बाईला स्वतःला का वाटतं? पहिले दोन प्रश्न इतिहासाचे आहेत. तिसरा मानसशास्त्राचा आहे. मी मूळचा स्थापत्य अभियंता, मानसशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. पण कल्याण आणि गुलबर्ग्याच्या मुलखाचा इतिहास वाचताना त्या शास्त्रातल्या दोनचार मूळ कल्पना हाताशी असल्या की बरंच काही उलगडतं, असा माझा अनुभव आहे. त्या कल्पना इथल्याच दाखल्यांनी मांडतो.

दगड आणि कोरीवकाम

पहिली कल्पना म्हणजे 'लिंग' आणि 'लिंगभाव' यांतला फरक. लिंग म्हणजे शरीराची रचना, जन्माबरोबर येते ती. लिंगभाव म्हणजे त्या शरीराला समाज जे शिकवतो ते: कसं बसायचं, किती बोलायचं, कुणाच्या आधी जेवायचं, कोणतं काम आपलं आणि कोणतं नाही. मला हे दगड आणि कोरीवकामासारखं वाटतं. दगड खाणीतून येतो, त्यावरची नक्षी खाणीतून येत नाही. नक्षी शेकडो वर्षं तशीच दिसली की बघणाऱ्याला वाटतं, दगड असाच असतो.

हा फरक आज शाळेच्या पुस्तकातही असतो, पण तो शास्त्रात यायला वेळ लागला. सिमोन द बोव्हारनं १९४९ साली 'द सेकंड सेक्स'मध्ये बाईपण हे निसर्गाचं देणं नसून घडवलेली गोष्ट आहे, असा युक्तिवाद केला. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्टॉलर यांनी १९६८ साली आणि समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांनी १९७२ साली दोन वेगळे शब्द वापरून तो फरक पक्का केला.

त्याच्याही आधीचं एक नाव मला फार आवडतं, ते लेटा हॉलिंगवर्थ यांचं. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी आणि हातांची अचूकता मंदावते, असं त्या काळचे विद्वान डॉक्टर सांगत. हॉलिंगवर्थ यांनी वाद घातला नाही, चाचण्या घेतल्या. रोज मोजलं. १९१४ साली प्रबंध लिहून दाखवून दिलं, की असा काही फरक सापडत नाही. अभियंत्याला पटणारी ही पद्धत आहे. सगळे सांगतात म्हणून खरं मानायचं नाही, मापून बघायचं.

पुढं २००५ साली जॅनेट हाईड यांनी स्त्री-पुरुषांतल्या मानसिक फरकांवरचे तोवरचे ४६ मोठे आढावे एकत्र तपासले. त्यातले ७८ टक्के फरक अगदी लहान किंवा शून्याजवळचे निघाले. स्त्रिया आणि पुरुष मनानं वेगवेगळ्या ग्रहांवरचे असतात, हा समज त्या आकड्यांपुढं टिकत नाही.

आता हे घेऊन कल्याणला जाऊ.

विज्ञानेश्वराचा हिशेब

सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ असा पन्नास वर्षं गादीवर होता. राजधानी कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण. त्याच्याच काळात, त्याच नगरात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. गुलबर्ग्याजवळचं मरतूर हे त्याचं गाव मानलं जातं. ग्रंथाच्या शेवटी त्यानं कल्याण नगराची आणि विक्रमादित्याची तारीफ केली आहे. बंगाल सोडला तर हिंदुस्थानातल्या बहुतेक हिंदू घरांची वाटणी पुढची आठशे वर्षं या ग्रंथाच्या आधारानं झाली. आमच्या भागातून जगाला गेलेला हा सगळ्यात वजनदार कागद म्हणायला हरकत नाही.

मिताक्षरेत बाईच्या बाबतीत दोन धागे आहेत आणि ते एकमेकांच्या उलट ओढतात.

पहिला धागा उदार आहे. स्त्रीधन म्हणजे काय, यावर जुन्या स्मृतींनी यादी दिलेली: आईबापांनी, भावानं, नवऱ्यानं दिलेलं, लग्नाच्या अग्नीपुढं मिळालेलं वगैरे. याज्ञवल्क्याच्या श्लोकातल्या 'आद्य' या शब्दावर विज्ञानेश्वर थांबतो. त्याचा अर्थ 'इत्यादी' असा लावतो आणि त्या एका शब्दाच्या खिडकीतून वारशानं आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं, सापडलेलं असं सगळंच आत घेतो. बाईकडं आलेलं ते बाईचं, इतका सरळ अर्थ. वेगळा राहणारा माणूस मुलगा नसताना वारला, तर पहिली वारस त्याची बायको, हेही तो ठामपणे मांडतो. वाटणीच्या वेळी अविवाहित बहिणींना मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग द्यावा, या वचनावर काही जुने टीकाकार म्हणत, की हे म्हणजे फक्त लग्नाचा खर्च. विज्ञानेश्वर तो अर्थ नाकारतो. तो म्हणतो, हा खरा हिस्सा आहे.

दुसरा धागा मात्र वेगळा आहे. बापाच्या वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाचा हक्क जन्मानंच तयार होतो, हा मिताक्षरेचा गाभा. मुलीचा होत नाही. का? विज्ञानेश्वराचं एक कारण शरीराचं आहे. आईचं धन मुलींकडं जावं, कारण मुलीत आईच्या देहाचे अंश जास्त असतात. बापाचं धन मुलांकडं जावं, कारण मुलात बापाचे अंश जास्त.

इथं थांबून बघा काय झालं. मालमत्तेचा नियम हे कोरीवकाम आहे, माणसांनी केलेलं. पण कारण देताना ते दगडाच्या अंगी चिकटवलं. लिंगभावाचा नियम लिंगाच्या नावानं सांगितला. मानसशास्त्रात शंभर वर्षांपूर्वी जो घोळ होता, बाईचा स्वभाव तिच्या शरीरातून निघतो असं धरून चालण्याचा, त्याचं हे बाराव्या शतकातलं कायदेशीर रूप. विज्ञानेश्वर दुष्ट होता म्हणून असं झालं नाही. तो तर आपल्या काळाच्या मानानं बाईच्या बाजूनं झुकलेला. पण ज्याला आपण निसर्ग समजतो त्यावर प्रश्न विचारायचं सुचत नाही, भल्याभल्यांना सुचत नाही.

आणखी एक गंमत पुढची आहे. १८१० साली कोलब्रुक यांनी मिताक्षरेच्या दायविभागाचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि ब्रिटिश हिंदुस्थानातली न्यायालयं त्यावर चालू लागली. पण उदार धागा त्यांनी आखडता घेतला. १८६७ च्या भगवानदीन दुबे विरुद्ध मैनाबाई या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं, की नवऱ्याकडून वारशानं आलेली मालमत्ता हे विधवेचं स्त्रीधन नव्हे. तिनं हयातीपुरती भोगावी, मग ती नवऱ्याच्या वारसांकडं परत जावी. विज्ञानेश्वरानं 'इत्यादी' म्हणून उघडलेली खिडकी अशी लंडनमध्ये बंद झाली. परंपरेनं बाईला काहीच दिलं नव्हतं आणि इंग्रजांनी सगळं दिलं, असं जे सोपं चित्र आपण रंगवतो, ते या एका निकालापुढं उभं राहत नाही.

राणी चालते, बाई चालत नाही

याच चालुक्यांच्या शिलालेखांत कारभार करणाऱ्या स्त्रिया ठिकठिकाणी भेटतात. विक्रमादित्याच्या आजोबांच्या पिढीतली अक्कादेवी, जयसिंह राजाची बहीण, किसुकाड प्रांताचा कारभार बघायची आणि तिनं गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातल्याचा उल्लेख आहे. विक्रमादित्याची थोरली राणी लक्ष्मादेवी १०९५ साली अठरा अग्रहारांचा कारभार बघत होती.

म्हणजे राज्य चालवायला लागणारे गुण बाईत नसतात, हे म्हणणं तेव्हाही खोटंच होतं आणि ते लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. तरी समज बदलला नाही. असं का? अक्कादेवीला लेखात काय म्हटलंय ते बघा: रणातली भैरवी. लढणारी बाई दिसली, की तिला बाईंच्या रांगेतून उचलून देवीच्या रांगेत ठेवायचं. मग बाकीच्या बायकांबद्दलचा नियम जागेवर राहतो. मानसशास्त्रज्ञ सांगतात, की साच्यात न बसणारं उदाहरण समोर आलं तर माणूस साचा मोडत नाही, उदाहरणाला अपवाद म्हणून बाजूला काढतो. आजही 'ती बाई नाही, वाघीण आहे' असं आपण कौतुकानं म्हणतो, तेव्हा तेच करतो.

सँड्रा बेम यांनी १९७४ साली या साच्यावरच नेम धरला. तोपर्यंतच्या चाचण्या 'पुरुषी' आणि 'बायकी' ही एकाच पट्टीची दोन टोकं मानत. एकीकडं सरकलं, की दुसरं कमी झालं. बेम यांनी दोन वेगळ्या पट्ट्या केल्या. एकाच माणसात धडाडी भरपूर आणि माया भरपूर असू शकते, असं त्यांच्या मापनातून निघालं. अक्कादेवीला कळायला भैरवी लागत नाही. बेमबाईंच्या दोन पट्ट्या पुरतात.

देहावरच्या खुणा

विक्रमादित्यानंतर दोन पिढ्यांनी, ११६० च्या दशकात, कल्याणला कलचुरी बिज्जलाचं राज्य होतं आणि बसवण्णांभोवती शरणांचा मेळा जमला होता. त्यात स्त्रिया होत्या आणि त्या वचनं रचत होत्या. तिसाहून जास्त स्त्री वचनकारांची नावं आज सांगितली जातात. बाराव्या शतकात एका चळवळीत इतक्या बायका स्वतःच्या तोंडानं बोलतात, ही गोष्ट जगात कुठंही सहज सापडणारी नाही.

इकडं 'लिंग' म्हटलं, की लोकांना आधी गळ्यातलं इष्टलिंग आठवतं. तेही या गोष्टीत महत्त्वाचं आहे. शरणांनी इष्टलिंग बाईच्याही गळ्यात दिलं. जन्म, मृत्यू, पाळी, उष्टं आणि जात ही पाच सुतकं मानायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. हॉलिंगवर्थ यांनी प्रयोगशाळेत जे केलं ते शरणांनी आचारात केलं. पाळीच्या नावानं बाईला बाजूला बसवायचं कारण काढून टाकलं. शंभरेक वर्षांनी मराठी मुलखात चक्रधरस्वामींनी हेच सांगितल्याचं लीळाचरित्रात येतं. पाळी ही शरीरातल्या इतर मळांसारखीच, तिचा विटाळ कसला, असं त्यांचं म्हणणं. कन्नड आणि मराठी हे शेजार असे आतून जोडलेले आहेत.

शरण स्त्रियांमध्ये गोग्गव्वे म्हणून एक आहे. तिचा प्रश्न मला लिंग आणि लिंगभाव यांतल्या फरकाच्या अगदी जवळचा वाटतो. देहावरच्या खुणा बघून लोक कुणाला बाई ठरवतात, कुणाला पुरुष. पण आतली जी जाण आहे तिला बाई म्हणाल की पुरुष, असं ती आपल्या देवाला विचारते. जेडर दासिमय्याचंही एक वचन याच अंगाचं आहे. प्रश्न अध्यात्माचा आहे, कबूल. पण तो विचारायला शरीर आणि माणूस वेगळे करून बघावे लागतात, आणि विज्ञानेश्वराला जे जमलं नव्हतं ते इथं एका बाईनं केलं.

आता नावांकडं बघू. शिलालेखांत दान देणारी बाई बहुतेक वेळा अमक्याची राणी, तमक्याची पत्नी, कुणाची आई असते. शरण स्त्रियांच्या नावांआधी मात्र बरेचदा त्यांचं काम येतं. आयदक्की लक्कम्मा म्हणजे सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या घरची, कदिरे रेम्मव्वे चातीवर सूत कातणारी, कोट्टणद सोमव्वे कांडण करणारी. सूळे संकव्वा ही तर गणिका होती आणि तिनं ती ओळख झाकली नाही. कामावरून नाव पडणं हे साधं वाटतं, पण ज्या समाजात बाईची ओळख कुणाच्या तरी नात्यानंच सांगायची रीत आहे, तिथं ती मोठी उडी आहे.

लक्कम्माची गोष्ट प्रसिद्ध आहे. नवरा मारय्या एके दिवशी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. गरजेपेक्षा जास्त घेणं हा लोभ आहे, परत ठेवून ये, असं तिनं सांगितलं आणि तो ठेवून आला. घरात नीतीचा शेवटचा शब्द तिचा. पण तिच्या वचनांच्या शेवटी येणारी अंकिता, म्हणजे मुद्रा, बघितली तर तिच्यात देवाआधी मारय्याचं नाव येतं. नवऱ्याला शिकवणारी बाईसुद्धा सही करताना नवऱ्याच्या नावामार्गे देवाकडं जाते. अक्कमहादेवी नवरा सोडून चन्नमल्लिकार्जुनाच्या ओढीनं निघाली, पण त्या देवालाही तिनं पतीच मानलं. साचा मोडणाऱ्यालाही भाषा मात्र साच्यातलीच वापरावी लागते.

म्हणून शरण स्त्रियांना सरसकट 'स्त्रीवादी' म्हणायला मी तयार नाही. स्त्रीवादात तीन पायऱ्या लागतात. बाईचं दुय्यम स्थान माणसांनी घडवलेलं आहे हे ओळखणं, ते अन्याय्य आहे असं म्हणणं, आणि जगाच्या व्यवहारात ते बदलायची मागणी करणं. शरण स्त्रिया पहिली पायरी चढल्या, दुसरीवर कित्येकींनी पाय ठेवला. तिसरी पायरी, म्हणजे शेत कुणाच्या नावावर, वाटणी कुणाला, हा प्रश्न त्यांच्या वचनांचा विषय नव्हता.

कान्होपात्रेचीही आठवण इथं काढायला हवी. मंगळवेढा ही बिज्जलाची जुनी राजधानी. तिथल्या गणिकेच्या या मुलीला बिदरच्या बादशहानं बोलावणं धाडलं आणि तिनं जाण्यापेक्षा पंढरपुरात विठोबाच्या पायाशी देह ठेवला, असं महिपतींच्या भक्तविजयात येतं. आपण ती भक्तीची कथा म्हणून ऐकतो. पण तिच्या मध्यभागी एका बाईचा नकार आहे. तो नकार पाळला जाण्यासाठी तिला मरावं लागतं, आणि आपण त्याला चमत्कार म्हणतो.

दोषांची तुलना

तिसरी पायरी मराठीत चढली ती बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या अनीतीवर लेखांचा पाऊस पडला. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. त्यांची रीत बघण्यासारखी आहे. बाईवर जे जे दोष लादले जातात ते एकेक घ्यायचे आणि पुरुषात ते किती आहेत ते समोर मांडायचं. म्हणजे तोच दोष बाईत दिसला की 'स्वभाव' आणि पुरुषात दिसला की 'परिस्थिती', असं का? दुहेरी मोजपट्टीबद्दल आजचं मानसशास्त्र जे सांगतं, त्याचा हा मराठी अवतार. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक पुढं विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं तेव्हा कुठं मराठी वाचकाला ताराबाई सापडल्या.

अडतीस दिवस

१९५६ हे आमच्या भागाचं मोठं साल. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राच्या वाटेला गेले, बिदर आणि गुलबर्गा म्हैसूरकडं राहिले. मामा एका राज्यात, भाचा दुसऱ्या. त्याच वर्षी १७ जूनला हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमानं बाईच्या ताब्यातल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक ठरली, मग ती वारशानं आलेली असो, वाटणीत मिळालेली असो, विकत घेतलेली असो. विज्ञानेश्वराची यादी आठवते ना? प्रिव्ही कौन्सिलनं बंद केलेली खिडकी नव्वद वर्षांनी पुन्हा उघडली.

पण वडिलोपार्जित जमिनीतला जन्माचा हक्क अजून मुलांचाच होता. तो मुलींना देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात २२ जून १९९४ रोजी आणि कर्नाटकात ३० जुलै १९९४ रोजी लागू झाली. दोन्हीकडं अट सारखी: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हक्क नाही. मधले अडतीस दिवस बघा. जुलैच्या सुरुवातीला दोन मावसबहिणींचं लग्न झालं, एक उदगीरकडची, एक भालकीकडची, असं समजा. पहिली बापाच्या जमिनीत वाटेकरी ठरली, दुसरी नाही. बाईचा स्वभाव, देहातले अंश, निसर्ग, यांपैकी काहीच त्या दोघींत वेगळं नव्हतं. वेगळी होती ती राज्याची हद्द. लिंगभाव माणसं घडवतात याचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. पुढं ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी जन्मानं वाटेकरी झाली आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्यासाठी २००५ साली बाप हयात असायची गरज नाही. विज्ञानेश्वराचा जन्मानं हक्क हा सिद्धांत तसाच राहिला, फक्त त्यात मुलगी आली.

आता तिसरा प्रश्न. कायदा झाला, मग नाव लागलं का?

एका पाटबंधाऱ्याच्या कामावर असताना भूसंपादनाच्या याद्या माझ्या टेबलावर यायच्या. सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव. बायकांची नावं थोडी, आणि जी होती ती कुणाच्या तरी आधारानं: अमुकबाई जौजे तमुक, अमुकबाई कोम तमुक, नाहीतर अज्ञान मुलाची पालनकर्ती आई. बहिणींचं नाव लागण्याआधीच बहुतेक ठिकाणी हक्कसोडपत्र झालेलं असतं. बहीण तालुक्याच्या कचेरीत येते, सही किंवा अंगठा देते, भाऊ साडीचोळी करतो, सगळे जेवून घरी जातात. जबरदस्ती दिसत नाही. विचारलं तर ती म्हणते, "जमिनीपेक्षा माहेर मोठं."

हे वाक्य हसण्यावारी न्यायचं नाही. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली दाखवून दिलं, की नीतीच्या विकासाचा तोवरचा नामांकित अभ्यास मुलग्यांवर बेतलेला होता. त्यात हक्क आणि नियम यांना वरची पायरी होती, नाती जपण्याला खालची. नातं जपणं ही सुद्धा पूर्ण वाढीची नीती आहे, असं त्या म्हणाल्या. त्या नजरेनं बघितलं तर ती बहीण अडाणी नाही. तिनं तोलून निवड केली आहे.

पण मग जीन बेकर मिलर यांचं १९७६ चं म्हणणंही ऐकायला हवं. जो खालच्या बाजूला असतो त्याला वरच्याचं मन वाचायला शिकावंच लागतं. त्या नादात स्वतःला काय हवं ते विचारायची सवय सुटते. डेना जॅक यांनी १९९१ साली याला स्वतःचा आवाज दाबणं म्हटलं: नातं टिकावं म्हणून गप्प राहायचं, आणि हळूहळू आतूनही गप्प व्हायचं. दोघांपैकी कोण बरोबर? माझ्या मते कसोटी एकच आहे. भावाला कधी माहेर आणि जमीन यांतलं एक निवडावं लागतं का? नाही. ज्या निवडीचा काटा एकाच बाजूच्या माणसापुढं ठेवलेला असतो, ती निवड प्रेमाची असली तरी मोकळी नसते. "माहेर मोठं" हे तिचं खरं आहे. पण माहेराची किंमत जमीन का, हे तिनं ठरवलेलं नाही.

कागद काढून बघा

इतिहासप्रेमी मंडळी शिलालेखाचा ठसा घ्यायला चाळीस किलोमीटर उन्हात जातात. घरच्या ट्रंकेतले कागद मात्र बघत नाहीत. माझी सगळ्यांना विनंती आहे, जुने खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, पहाणी, सातबारा, जे असेल ते काढा. त्यात बायकांची नावं कशी येतात ते लिहून ठेवा. नाव आहे की नुसतं 'मयताची बायको' आहे? जौजे, कोम, भ्रतार यांपैकी काय लिहिलंय, आणि कोणत्या सालापासून ते बदललं? सही आहे की अंगठा? हक्क सोडल्याच्या कागदावर कारण लिहिलंय का? आणि त्या बाई हयात असतील, तर त्यांना विचारा. भाऊ समोर नसताना विचारा.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पन्नास घरांचे असे कागद जमले, तरी आमच्या मुलखाचा असा एक इतिहास हाती येईल, जो कोणत्याही मंदिराच्या भिंतीवर कोरलेला नाही. नोंदी मंडळाकडं पाठवताना घराची ओळख झाकून पाठवा. बाईंची नावं मात्र पूर्ण लिहून तुमच्या स्वतःच्या वहीत ठेवा, माहेरच्या आडनावासकट.